काजू बंद करा, सगळा सुकामेवा बंद नको
(वाचकांचे प्रश्न : बालआहार)

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही पुण्यात राहतो. मी आणि माझे पती लग्नाआधीपासून व्हीगन आहोत, आणि आमचा एकोणीस महिन्यांचा मुलगाही दूध, तूप, दही, मध, अंडी यांपैकी काही खात नाही. एप्रिलमध्ये आम्ही सासरी, वेंगुर्ल्याजवळच्या गावी गेलो होतो. तेथे सासूबाईंनी ओल्या काजूची उसळ केली होती. ती कुस्करून बाळाला तीन-चार घास भरवले, तर पंधरा मिनिटांच्या आत त्याच्या ओठांभोवती लाली आली, मग गालांवर, मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या आणि एक मोठी उलटी झाली. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीचे औषध पाजले आणि दोन तासांत सारे उतरले. सासऱ्यांचे म्हणणे असे की, ओल्या काजूचा चीक लागला असेल, तो कोणालाही उततो. मला मात्र आठवते की, पूर्वी पुण्यात विकतचे काजूचे दही चाटवले होते तेव्हाही त्याची हनुवटी लाल झाली होती. दाण्याचे कूट, बदामाची पूड, तीळ, खोबरे आणि आंबा तो आजवर बिनतक्रार खात आला आहे. अक्रोड आणि पिस्ते कधी दिलेले नाहीत. घाबरून आम्ही आता दाणे, तीळ, खोबरे आणि सगळा सुकामेवा बंद केला आहे, घरी करत होतो ते बदामाचे दूधही. एका प्रयोगशाळेच्या जाहिरातीत शंभर पदार्थांची तपासणी एकाच रक्तनमुन्यात होते असे वाचले. ती करून घ्यावी का? सासूबाई म्हणतात की थोडे थोडे देऊन सवय लावावी, आणि माझी आई म्हणते की हे सगळे सोडून गाईचे दूध सुरू करावे. मी अजून रात्री अंगावर पाजते. आम्ही काय करावे?
— एक आई, पुणे

उत्तर : आपण वेळ, पदार्थ, लक्षणे आणि पूर्वीचा प्रसंग इतक्या नेमकेपणाने लिहिला आहे की, निदानाचे अर्धे काम त्यातच झाले आहे. कोणतीही तपासणी या हकिकतीपेक्षा मोठी नाही. हेच सारे तारीख-वेळ घालून एका कागदावर उतरवून ठेवावे आणि त्या दिवशी गांधींचे छायाचित्र काढले असल्यास तेही जपून ठेवावे.

प्रथम चिकाविषयी. आपल्या सासऱ्यांचा तर्क अनुभवातून आलेला आहे आणि त्यात तथ्यही आहे. काजूच्या टरफलात जे तेल असते ते कातडी भाजणारे असते. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे असून बिब्बा उतणे म्हणजे काय हे जुन्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाही. ओले काजू सोलणाऱ्यांच्या बोटांची सालपटे निघतात ती याच जातीच्या रसायनांमुळे. पण त्या उतण्याची रीत निराळी असते. जेथे चीक लागला तेथेच कातडी लाल होते, पुढे फोड येतात, त्यांतून पाणी झिरपते. हे सारे बहुधा काही तासांनी, कित्येकदा एक-दोन दिवसांनी दिसते आणि आठवडाभर टिकते. आपल्या मुलाला पंधरा मिनिटांत त्रास झाला, चीक जेथे पोहोचणे शक्य नाही अशा पोटावर गांधी उठल्या, उलटी झाली आणि दोन तासांत कातडी पूर्ववत झाली. हे चिकाचे लक्षण नाही. काजूच्या गरातल्या प्रथिनाला शरीराने दिलेला हा तत्काळ प्रतिसाद दिसतो, म्हणजे खरी ॲलर्जी, आणि काजूच्या दह्याचा जुना प्रसंग त्याला दुजोराच देतो. तज्ज्ञांकडून निश्चिती होईपर्यंत त्याला काजूची ॲलर्जी आहे असेच धरून चालावे.

एकच उलटी झाली, औषधाने उतरले, म्हणून हे प्रकरण सौम्य मानू नये, ही माझी पहिली विनंती. कातडी आणि पोट अशा दोन ठिकाणी एकाच वेळी लक्षणे दिसली, ही गोष्ट गंभीरपणे घेण्यासारखी आहे. मागच्या वेळी त्रास किती झाला यावरून पुढच्या वेळी किती होईल हे ठरवता येत नाही, आणि काजूच्या बाबतीत तर अगदी थोड्या मात्रेनेही जोराची प्रतिक्रिया आल्याचे वैद्यकात चांगले परिचित आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. आपण भीतीपोटी जी यादी बंद केली आहे तिच्यातले बहुतेक पदार्थ पुन्हा सुरू करायला हवेत. याला दोन कारणे आहेत. जे मूल दाणे, बदाम, तीळ नियमितपणे खाऊन पचवत आहे, त्याचे शरीर त्या पदार्थांना ओळखते आणि सहन करते; ही सहनशीलता टिकते ती बऱ्याच अंशी खाण्याच्या सातत्यावर. ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या मुलाचा चालू पदार्थ कारण नसताना कित्येक महिने थांबवला, तर पुन्हा सुरू करताना त्याचीच ॲलर्जी दिसू लागण्याचा धोका असतो. दुसरे कारण आपल्या घरच्या आहाराचे आहे. दूध, दही, अंडी ज्या घरात नाहीत त्या घरातल्या मुलाच्या ताटातून दाणे, बदाम, तीळ आणि खोबरेही काढून घेतले, तर उरते काय? वरण-भात, पोळी, भाजी आणि फळे. पोट त्याने भरते, पण लहानशा पोटात पुरेशी शक्ती मावत नाही.

म्हणून वर्ज्य करायचे ते एवढेच : काजू आणि त्याच्या जोडीने पिस्ता. या दोहोंची प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की, काजूची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांच्या शरीरात पिस्त्याविरुद्धही प्रतिसाद आढळतो. आपल्याकडे याच कुळातल्या आणखी दोन बिया खाण्यात येतात आणि त्यांचे नाव परदेशी पुस्तकांत सापडत नाही. एक चारोळी, आणि दुसरी गोडंबी, म्हणजे बिब्ब्याची बी, जी डिंकाच्या लाडवांत घालण्याची रीत आहे. निदान पक्के होईपर्यंत या दोन्ही दूर ठेवाव्यात असे माझे मत आहे. त्यावाचून बाळाचे काही अडणार नाही. आंबाही त्याच कुळातला, पण आपला मुलगा आमरस बिनतक्रार खात असेल तर तो थांबवण्याचे काहीच कारण नाही. अक्रोड त्याने चाखलेला नाही, तेव्हा तपासणी होईपर्यंत तो घरी देऊन पाहू नये. दाणे हे कडधान्याच्या कुळातले असून त्यांचा काजूशी वनस्पती म्हणून संबंध नाही, नारळाचाही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये ॲलर्जीकारक कवचफळांच्या (म्हणजे काजू, बदाम, अक्रोड यांसारख्यांच्या) आपल्या यादीतून नारळ वगळला आहे. काजूवरील प्रतिक्रियेनंतर मध्ये फारसा खंड पडला नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी एकदा बोलून बदाम, दाणे, तीळ आणि खोबरे याच आठवड्यात परत ताटात आणावे. मात्र कोणताही दाणा पाच वर्षांचा होईपर्यंत अख्खा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. पूड किंवा गुळगुळीत लगदा हीच या वयाची रूपे.

शंभर पदार्थांच्या तपासणीवर एक रुपयाही खर्च करू नये. अशा जाहिरातींतल्या पुष्कळ तपासण्या आयजीजी नावाची प्रतिपिंडे मोजतात. ती आपण जे खातो त्याविरुद्ध निरोगी माणसातही तयार होतात, त्यांचा ॲलर्जीशी संबंध नाही. ज्या तपासण्या आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी खरा संबंध असलेली प्रतिपिंडे, मोजतात त्या खऱ्या कामाच्या असल्या तरी ढीगभर पदार्थांची एकदम केल्यास वेगळीच अडचण उभी राहते. आयजीई सापडणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतलेली असणे. त्या पदार्थाने त्रास होतोच असे नाही. भारतीय मुलांमध्ये तर अशा नोंदी पुष्कळ आणि प्रत्यक्ष अन्नाची ॲलर्जी फार थोडी, असे पाहणीत दिसून आले आहे. शंभरांतल्या वीस पदार्थांपुढे तांबडी खूण आलेला कागद हातात पडला की, घरात तूरडाळही शिजेनाशी होते.

ॲलर्जीचे काम पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि काजू, पिस्ता व अक्रोड एवढ्यांचीच तपासणी मागावी. त्वचेवर टोचून करण्याच्या तपासणीत बाळाच्या हातावर किंवा पाठीवर त्या पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजतात; ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध लक्षणीय धरली जाते. ॲलर्जीचे औषध चालू असेल तर ही तपासणी खोटी नकारार्थी येते, म्हणून ते किती दिवस आधी थांबवायचे हे आधीच विचारून घ्यावे. रक्तातून काजूची आयजीई मोजता येते, आणि तिच्यातही काजूच्या ‘ॲना ओ ३’ या एका प्रथिनाविरुद्धची आयजीई मोजली तर निदान अधिक पक्के होते. ही सोय सर्व शहरांत नसते. हकिकत आणि तपासणी यांचा मेळ बसला नाही, तर शेवटचा शब्द रुग्णालयात डॉक्टरांसमोर थोडा थोडा पदार्थ खायला देऊन केलेल्या चाचणीचा. ती घरी करायची नसते, आणि याच ठिकाणी सासूबाईंच्या सूचनेचे उत्तर येते. थोडे थोडे देऊन शरीराला सवय लावण्याचा उपचार वैद्यकात खरोखरच आहे. पण त्यातली मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते, ती वाढवण्याचा दिवस दवाखान्यात घालवायचा असतो आणि उपचाराच्या काळातही काही मुलांना जोराची प्रतिक्रिया येते. स्वयंपाकघरात काजूचा तुकडा चाटवून ते साधत नाही, हे त्यांना माझ्या वतीने आदरपूर्वक सांगावे.

आता प्रत्यक्ष प्रसंग आला तर काय करायचे ते. नुसत्या गांधी किंवा ओठांची सूज असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेले, झोप न आणणारे ॲलर्जीचे औषध द्यावे आणि मुलावर पुढचे काही तास नजर ठेवावी. गुंगी आणणारी जुनी औषधे घरात असली तरी देऊ नयेत, कारण मूल औषधाने पेंगते आहे की रक्तदाब उतरल्याने मलूल पडले आहे हे मग कळेनासे होते. आवाज बसणे, भुंकल्यासारखा किंवा न थांबणारा खोकला, छातीत घरघर, जीभ सुजणे, पुन्हा पुन्हा उलट्या, अंग पांढरे पडून एकदम ढिले होणे, यांपैकी काहीही दिसले तर ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया, समजावे. त्यावर औषध एकच, ॲड्रेनलिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस मधोमध स्नायूत टोचतात. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम असते, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ०.१ मिलिग्रॅम. तोंडाने घ्यायचे ॲलर्जीचे औषध किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाही. परदेशात मिळणारी आपोआप टोचली जाणारी ॲड्रेनलिनची पेने भारतात सहज मिळत नाहीत, म्हणून काही तज्ज्ञ पालकांना औषधाची कुपी आणि बारीक सिरिंज यांची पद्धत प्रत्यक्ष शिकवतात. आपल्या मुलासाठी हे हवे का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा आणि जे ठरेल ते कागदावर लिहून घ्यावे. १०८ वर दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला आडवे ठेवावे, पाय थोडे उंच करावेत. घाबरलेले आई-वडील सहजच मुलाला खांद्यावर उभे धरून धावत सुटतात, आणि रक्तदाब उतरलेला असताना नेमके तेच घातक ठरते. श्वासाचा त्रास होत असेल तर मांडीवर बसते ठेवावे. उलटी होत असेल तर कुशीवर. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास थांबावे लागते, कारण लक्षणे एकदा उतरून पुन्हा येऊ शकतात.

काजू लपतो कोठे, हे व्हीगन घराला इतरांहून अधिक माहीत असायला हवे, कारण दुधाला पर्याय म्हणून बाजारात जे जे मिळते त्यातले पुष्कळसे काजूवर उभे आहे : दही, चीज, क्रीम, आइस्क्रीम, मिठाई. वेष्टनावर हिरवे व्हीगन चिन्ह आहे याचा अर्थ त्यात प्राणिजन्य काही नाही एवढाच. सुकामेव्याविषयी ते चिन्ह काहीही सांगत नाही. भारतातल्या २०२० च्या वेष्टन नियमांनुसार दाणे, कवचफळे, सोयाबीन, दूध, ग्लुटेन असलेली धान्ये इत्यादींचा स्वतंत्र उल्लेख छापणे बंधनकारक आहे, तेव्हा घटकांच्या यादीखालची ती ओळ वाचण्याची सवय लावावी. तिळाचा मात्र त्या यादीत समावेश नाही. सुटा माल ही खरी पंचाईत. सुकामेव्याच्या दुकानात काजूच्या बरणीतले माप झटकून बदामाच्या बरणीत जाते, म्हणून बदाम बंद पाकिटातले घ्यावेत किंवा सालासकट आणून घरी धुऊन, वाळवून दळावेत. मिक्सरचे भांडे वेगळे ठेवावे. उपाहारगृहातल्या पांढऱ्या आणि केशरी रश्श्यात काजूची पेस्ट असतेच असे समजून चालावे. लग्नाच्या जेवणातला पुलाव, शिरा, उपमा, गणपतीतला प्रसाद, मोदकाचे सारण, येथे विचारल्यावाचून घास देऊ नये. ‘काजू काढून देते’ हे उत्तर स्वीकारू नये. आपण स्वतः काजू खाल्ल्याने अंगावरच्या दुधातून त्याला आजवर त्रास झालेला नसेल तर आपल्याला ते सोडणे सहसा आवश्यक नसते, पण मूल दुडदुडत असलेल्या घरात काजूची बरणीच नसणे सोयीचे.

राहिला दुधाचा प्रश्न. व्हीगन आहार या वयात असावा की नसावा याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. २०१६ या एकाच वर्षी अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने सुनियोजित असल्यास तो सर्व वयांना पुरेसा असल्याचे म्हटले आणि जर्मनीच्या पोषण संस्थेने लहान मुलांसाठी त्याची शिफारस करण्यास नकार दिला. माझी भूमिका अशी की, निर्णय आई-वडिलांचा. पण तो घेतला की त्यातल्या अटी पाळणे ऐच्छिक राहत नाही. आपल्या मुलाला केवळ काजू-पिस्ता वर्ज्य असतील, तर व्हीगन राहून त्याचे पोषण नीट होऊ शकते. उद्या सोयाबीन आणि दाणे हेही खरोखर वर्ज्य करावे लागले, तर मी आपल्या आईच्या बाजूने उभी राहीन.

घरच्या बदामाच्या दुधावर भिस्त ठेवू नये. मूठभर बदाम लिटरभर पाण्यात वाटून गाळले की, बदामाचा बराचसा भाग गाळणीतच राहतो. पेल्यात येते ते चवदार पाणी. त्याऐवजी कॅल्शियम घातलेले, बिनसाखरेचे सोया दूध द्यावे. टोफू, म्हणजे सोया दुधाचे पनीर, तो आधी खात असेल तर चिंता नाही, नसेल तर पहिल्यांदा एक-दोन चमचे देऊन पाहावे. घरी काढलेल्या सोया दुधात कॅल्शियम नगण्य असते. पाकिटावर १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लिहिलेले पाहून घ्यावे आणि पाकीट हलवूनच ओतावे, कारण ते तळाशी बसते. या वयाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. असे ३०० मिलिलिटर दूध ३६० देते, ३० ग्रॅम नाचणीची खीर सुमारे शंभर देते आणि वाटलेले तीळ व पालेभाजी बाकीचे भरून काढतात. प्रथिनांची चिंता मात्र पालक उगाच करतात. दहा किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ११ ते १३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ३० ग्रॅम डाळीच्या घट्ट वरणात सात ग्रॅमच्या आसपास असतात, दोन चहाचे चमचे दाण्याच्या कुटात अडीच. कुळथाचे पिठले, मुगाचे धिरडे, मऊ भातावर मेतकूट, टोफू कुस्करून घातलेली भाजी यांत ते सहज भागते. कमी पडते ते स्निग्ध. तूप नसलेल्या ताटात प्रत्येक जेवणाला चमचाभर तेल वरून घालावे. अक्रोडाऐवजी भाजून दळलेले जवस चमचाभर चालेल. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे. सैंधवाच्या नादी लागू नये. डाळीवर लिंबू पिळावे म्हणजे लोह अधिक शोषले जाते.

बी-१२ च्या बाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही. ते वनस्पतीत नसते, स्पिरुलिना या शेवाळातले शरीराच्या उपयोगाचे नसते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला कमी असेल तर तिच्या दुधातही कमी येते. ते जिवाणूंपासून तयार होते, त्यामुळे आपल्या तत्त्वाला बाध येत नाही. बाळाला थेंब आणि आपल्याला गोळी, दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, रोज. याची उणीव झालेली मुले आधी निस्तेज होतात, बोटांची पेरे काळवंडतात, केस विरळ होतात, शिकलेल्या गोष्टी विसरू लागतात आणि शेवटी हातपाय थरथरू लागतात. आपल्या देशात शाकाहारी मातांच्या स्तनपानावरील बाळांत हे चित्र बालरोगतज्ज्ञांना जुने परिचयाचे आहे. डी जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलेही मिळते, ते मागावे. लोह आणि बी-१२ ची रक्ततपासणी व वजन-उंचीचा तक्ता हे दोन्ही ॲलर्जीच्या भेटीतच उरकावे.

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. तिला गालांवर आणि कोपरांच्या आत इसब आहे. आम्ही व्हीगन आहोत. दाणे आणि सुकामेवा तीन वर्षांपर्यंत देऊच नये असे नणंदबाई म्हणतात. त्यांना त्यांच्या काळात तसेच सांगितले होते. खरे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या नणंदबाईंना मिळालेला सल्ला त्या काळचा अधिकृत सल्ला होता, पण तो मागे पडला आहे. इस्रायलमधली मुले लहानपणापासून दाण्याचा खाऊ खातात आणि त्यांच्यात दाण्याची ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या मानाने सुमारे दहापट कमी आहे, हे २००८ मध्ये दिसून आले. त्यावरून लंडनच्या संशोधकांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांचे दोन गट करून एका गटाला ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून नियमित दाणे दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या बाळांची त्वचातपासणी आरंभी नकारार्थी होती त्यांतल्या दाणे टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी फक्त १.९ टक्के मुलांना.

आपल्या मुलीचे इसब तीव्र असेल, म्हणजे स्टेरॉइडचे मलम वारंवार लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून दाण्याची तपासणी करून घ्यावी. सौम्य असेल तर सहा महिन्यांनंतर, भाताची पेज आणि वरणाचे पाणी अंगवळणी पडल्यावर, घरी सुरुवात करता येईल. भाजलेले दाणे गुळगुळीत वाटून कोमट पाण्यात सरबरीत करावेत. कूट नको, त्याचा रवा घशात अडकतो. सकाळच्या वेळी, मुलगी ठणठणीत असताना, चमच्याच्या टोकाएवढे चाटवून दहा मिनिटे थांबावे, मग हळूहळू उरलेले द्यावे आणि दोन तास लक्ष ठेवावे. पुढे आठवड्यातून तीनदा चालू ठेवावे. एकदा देऊन सोडून देण्यात अर्थ नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मालिश. फुटलेल्या कातडीवर बदामाचे किंवा घाण्याचे शेंगदाणा तेल चोळू नये, आणि बदाम उगाळून चेहऱ्यावर लावणेही थांबवावे. तोंडावाटे आलेले अन्न शरीर ओळखीचे मानते, पण तेच इसबातून आत गेले तर त्याविरुद्ध ॲलर्जी तयार होण्याची शक्यता वाढते, असे आता मानले जाते. बाळगुटीत बदाम उगाळण्याची आपली चाल या दृष्टीने कुतूहलाची आहे खरी. तरी सहा महिन्यांच्या आत गुटीची शिफारस मी करणार नाही, कारण तीत वेखंडापासून काय काय जाते आणि सहाण किती स्वच्छ असते हे कोणी पाहिलेले नसते.

प्रश्न : मी पाळणाघर चालवते. एका मुलाला काजूची ॲलर्जी आहे. सगळ्यांच्याच डब्यांत सुकामेवा आणि दाणे बंद करावेत का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सरसकट बंदीची गरज नाही. दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर किंवा साबुदाण्याची खिचडी इतर मुलांनी का सोडावी? आपल्याकडची मुले लहान आहेत आणि एकमेकांच्या डब्यांत हात घालतात, म्हणून केवळ काजू-पिस्ते आणू नयेत असे पालकांना लेखी कळवावे. त्या मुलाचा डबा, पेला आणि चमचा वेगळ्या रंगाचा ठेवावा. जेवण झाल्यावर सर्व मुलांचे हात साबणाने धुवावेत. नुसत्या पाण्याने किंवा निर्जंतुक करणाऱ्या द्रवाने प्रथिन निघत नाही. वाढदिवसाला येणारा केक आणि मिठाई त्या मुलाला देऊच नये, त्याच्या आईकडून आधीच त्याचा खाऊ मागवून ठेवावा. डॉक्टरांनी लिहिलेली योजना, त्या मुलाचे औषध आणि पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक दारामागे, मोठ्यांच्या हाताला येईल पण मुलांच्या नाही अशा उंचीवर लावावेत, आणि आपण नसताना जी मदतनीस असते तिलाही ते औषध कसे द्यायचे हे पालकांसमोर एकदा करून दाखवायला लावावे.